समुद्रावरचे पथ्य

स्वतःहून घेतलेला अन्नाचा नियम प्रवासात कितपत बांधतो, हा धर्मशास्त्राचा जुना प्रश्न आहे. क्रूझच्या जेवणघरात तो आज नव्या रूपात उभा राहतो. मधुमेह किंवा वाढते वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ज्याने भात, पोळी, बटाटा, साखर आणि गूळ सोडले आहेत, त्याने चार रात्रींच्या समुद्रसहलीत ते सोडलेलेच ठेवावेत की सहल हीच सवलत मानावी? प्रश्न वरवर आहारतज्ज्ञाचा वाटतो. पण त्याचे उत्तर देताना व्रत म्हणजे काय, अपवाद कोणी ठरवायचा आणि नियम नेमका कोणाचा, या तिन्ही गोष्टींचा विचार करावाच लागतो.

भारतीय ताटातली साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जा कर्बोदकांतून येते. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याच्या पोटात अशा रीतीने दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम कर्बोदके जातात. लो-कार्ब म्हटल्या जाणाऱ्या आहारात ती साधारण १३० ग्रॅमच्या खाली आणि कीटोत ५० ग्रॅमच्या आत ठेवतात. वाटीभर भात आणि दोन पोळ्या झाल्या की कीटोचा दिवस संपला. सुरतेत हा नियम पाळणे घरीसुद्धा सोपे नाही. ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण ज्या शहराने मिरवली, तिथे लोचो, खमण, हिवाळ्यातला ज्वारीचा पोंक, कंद-रताळ्यांनी भरलेले उंधियू आणि शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, खाल्ली जाणारी घारी हे सगळे नात्यागोत्याचे अन्न आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन उधना आणि लिंबायत भागांत स्थिरावलेल्या मराठी घरांत त्यात भाकरी आणि शेवभाजीची भर पडते. अशा घरात पोळी नको म्हणणाऱ्याला रोज कोणाला तरी कारण सांगावे लागते. ते सांगून सांगून नियम जरा अंगवळणी पडतो न पडतो, तोच सहलीचे तिकीट हाती येते.

सुरत हे या प्रश्नाचे योग्य ठिकाण आहे, कारण समुद्र आणि अन्न यांचा वाद या शहराने तीन धर्मांच्या अंगाने पाहिला आहे. मोगल काळात हाजची गलबते इथून सुटत. तापीच्या मुखाजवळ सुवाळीला मोठी जहाजे नांगरत आणि यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी १६४४ साली मुघलसराय बांधली गेली. त्याच इमारतीत आज महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. हाजच्या वाटेवर रमजान आला तर काय करायचे, याचे उत्तर कुराणातच आहे. प्रवाशाला आणि आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा आहे, मात्र जितके दिवस सोडले तितके नंतर भरून काढायचे. इथे प्रवास ही स्वतःच पुरेशी सबब ठरते. ती ठरवण्याचा अधिकार प्रवाशाच्या जिभेकडे नाही, शास्त्राकडे आहे, आणि सवलतीबरोबर हिशेबही बांधलेला आहे.

हिंदू धर्मशास्त्राने दुसरी वाट धरली. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पतन घडवणाऱ्या कर्मांत मोडतो. त्याच ग्रंथात उत्तरेकडच्या लोकांची ती रीत असल्याचीही नोंद आहे. पुढच्या काळात कलिवर्ज्यांच्या यादीत अशी भर पडली की नावेतून समुद्र ओलांडलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. व्यवहारात या बंदीच्या मुळाशी खाऱ्या पाण्यापेक्षा अन्नपाणी अधिक होते. जहाजावर कोणी शिजवले, पाणी कोणत्या पिंपातले, पंगतीला शेजारी कोण, स्नानसंध्या कशी व्हायची, या शंका खऱ्या होत्या. त्यांवर जातीने एकच उपाय काढला: जहाजावर चढायचेच नाही.

तरीही लोक चढले. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतलेल्या रघुनाथरावाने पुढे आपली बाजू मांडण्यासाठी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला इंग्लंडला पाठवले. त्याच्याबरोबर पारशी मणियार रतनजी आणि त्याचा मुलगा होते. १७८१ साली ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कने त्यांना बीकन्सफील्डला आपल्या घरी नेले आणि त्यांना आपल्या रीतीने रांधता-जेवता यावे म्हणून बागेतले काचघर मोकळे करून दिले. परमुलखातल्या यजमानाने पाहुण्याचा अन्ननियम न हसता, न वाद घालता सांभाळला, त्याचे हे सुंदर उदाहरण आहे. स्वदेशाने तेवढे औदार्य दाखवले नाही. रघुनाथरावाचे ब्राह्मण वकील परतल्यावर त्यांना सोन्याच्या योनिप्रतिमेतून पार होऊन पुनर्जन्माचा विधी करावा लागला, असे कंपनीच्या नोकरीतल्या विल्फर्डने लिहून ठेवले आहे. त्यांनी वाटेत काय खाल्ले आणि काय टाळले, याची विचारपूस या विधीत कुठेच नव्हती. समुद्र ओलांडला एवढाच दोष.

सुरतेचेच महीपतराम रूपराम नीलकंठ १८६० साली इंग्लंडला गेले आणि परतल्यावर नागर जातीने त्यांना वाळीत टाकले. त्याआधी १८४४ साली याच शहरात दुर्गाराम मेहताजी आणि त्या वेळी इथे शिक्षक असलेले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मानवधर्म सभा स्थापन केली होती. दादोबांनी पुढे मुंबईत जी परमहंस मंडळी काढली तिच्यात प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. जात नाकारायची तर ती तोंडानेच नाकारली पाहिजे, हे त्या काळाला नेमके कळले होते. खाण्याचा नियम मोडणे हेही तेव्हा एक व्रतच झाले.

या सगळ्या काळात नियम जातीचा होता. तो व्यक्तीकडे कसा आला, हे १८८८ साली मुंबईत स्पष्ट दिसले. मोहनदास गांधी विलायतेला निघाले तेव्हा मोढ वाण्यांच्या पंचायतीने आक्षेप घेतला की तिथे युरोपियनांबरोबर खाणेपिणे होणार आणि धर्म राहणार नाही. गांधींचे उत्तर असे होते की त्यांनी आईसमोर मद्य, स्त्री आणि मांस यांना न शिवण्याची शपथ घेतली आहे. ती शपथ जैन साधू झालेल्या बेचरजी स्वामींनी दिली होती. पंचायतीच्या शेटजींना हे पटले नाही. गांधींना जातीबाहेर काढले गेले आणि त्यांना मदत करणाऱ्याला किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरला. पण त्या दिवशी एक मोठे स्थित्यंतर घडले होते. समुद्रावर जाऊ नकोस, हा जातीचा नियम मागे पडून, समुद्रावर जा पण अमुक खाऊ नकोस, हा एका माणसाचा नियम पुढे आला होता. कुंपण किनाऱ्यावरून उठले आणि माणसाच्या ताटाभोवती आले. आजचा लो-कार्ब पाळणारा प्रवासी याच वाटेवर आणखी एक पाऊल पुढे आहे. त्याचा नियम व्यक्तीच्या शपथेतूनही निघून रक्तातल्या साखरेच्या आकड्यावर उभा आहे.

४ सप्टेंबर १८८८ रोजी सुटलेल्या त्या जहाजावर गांधींना जी अडचण आली ती आजच्या प्रवाशालाही ओळखीची वाटेल. काटा-सुरी धरता येत नव्हती आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर होत नव्हता. म्हणून जेवणघरात न जाता ते खोलीतच बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खात राहिले. तांबड्या समुद्रापर्यंत हे ठीक आहे, बिस्केच्या उपसागरात थंडी पडली की निश्चय बदलावा लागेल, असे एका सहप्रवाशाने त्यांना प्रेमाने सांगितले. बदलावा लागला नाही. नियम मोडायला भूक जितकी कारण होते त्याहून अधिक संकोच होतो, हे या प्रसंगात दिसते. वाढप्याला ‘या रश्श्यात काय घातले आहे?’ एवढे विचारणे अनेकांना उपाशी राहण्यापेक्षा कठीण वाटते. बिस्केपार मांस खाल्ले नाही याचे प्रमाणपत्रही त्यांनी एका सहप्रवाशाकडून घेतले होते. पुढे असे प्रमाणपत्र मांस खाणाऱ्यालाही मिळू शकते हे कळल्यावर त्यांना त्याचे मोल उरले नाही. दंडाला चिकटवलेल्या साखरमापकाचा आलेख ओळखीपाळखीत फिरवणाऱ्याने या प्रसंगाचा जरूर विचार करावा. जो नियम दुसऱ्याला दाखवण्यासाठी जपला जातो तो पाहणारा नसताना लवकर सुटतो.

आजच्या क्रूझवर परिस्थिती उलट झालेली आहे. मुंबईच्या बंदरातून गोव्याकडे, कोचीकडे, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजावर सुरतेचे कुटुंब चढते तेव्हा तिकिटात जेवण धरलेले असते आणि घरी शिजवलेला डबा सहसा आत नेऊ देत नाहीत. सकाळी वरच्या मजल्यावर न्याहारीची टेबले लागतात: पुरी-भाजी, पोहे, इडली, पाव, केक, सरबते. दुपारी पुन्हा तेच भरगच्च ताट, चारला चहाबरोबर बिस्किटे, रात्री जेवण आणि त्यानंतर जागणाऱ्यांसाठी आणखी काही. पैसे आधीच भरले असल्याने न खाणे म्हणजे नुकसान अशी भावना होते. चालायला जागा कमी, बसायला आणि लोळायला भरपूर. चरकाने प्रमेहाच्या कारणांत सुखाने बसून राहणे, झोपून राहणे, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ही जी नावे घेतली आहेत ती या सहलीत एकत्र भेटतात. आणि तरीही याच जहाजावर अंडी, पनीर, मासे, तंदुरी, कोशिंबीर, दाणे हे सगळे असते. कॉर्नफ्लोअरने दाट केलेले सूप, साखर घातलेले सॅलडचे सॉस, गूळ पडलेली गुजराती डाळ, फळांचे रस एवढे ओळखता आले की उपाशी राहण्याचा प्रश्नच येत नाही. जैन जेवणाचीही वेगळी सोय अशा जहाजांवर असते. थोडक्यात, जुन्या प्रवाशाला हवे ते अन्न मिळत नव्हते. नव्याला नको ते अन्न संपत नाही.

म्हणूनच या प्रश्नाला आपद्धर्माची सबब लावता येत नाही. छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. कुरू देशातले पीक बुडाले होते. भुकेने व्याकूळ झालेल्या उषस्तीने एका माहुताकडून त्याचे उष्टे कुळीथासारखे धान्य मागून खाल्ले. माहुताने पाणीही पुढे केले तेव्हा त्याने ते नाकारले. धान्य उष्टे चालले मग पाणी का नको, असे विचारल्यावर त्याने सांगितले की ते खाल्ले नसते तर प्राण राहिले नसते, पाणी मात्र हवे तिथे मिळते. ब्रह्मसूत्रांनीही प्राणावर बेतले तरच सर्व अन्नाची मुभा, असा निर्णय दिला आहे. सवलतीची लांबी गरजेच्या लांबीएवढी, हा या कथेचा गाभा आहे. एकदा एक नियम सुटला म्हणून सगळेच सुटले, हे उषस्तीला मान्य नाही. जहाजावर जेवणाच्या वेळी चुकून एक गुलाबजाम खाल्ला गेला तर रात्रीच्या बिर्याणीला त्यामुळे परवाना मिळत नाही. सहलीत अन्ननियम मोडतात ते बहुधा याच चुकीच्या अनुमानाने. पहिला घास लहान असतो, ‘आता मोडलेच आहे’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष मोठा असतो.

इथे एका भेदाकडे यावे लागते. पथ्य आणि व्रत या दोन गोष्टींचा आकार सारखा दिसतो, पण त्यांचे मूळ निरनिराळे आहे. सुरतेच्या जैन घरांत चैत्र आणि आश्विनात आयंबिलची ओळी होते: नऊ दिवस, दिवसातून एकदा, तूप, तेल, दूध, दही, साखर, गूळ, भाज्या यांशिवाय शिजवलेले धान्य आणि कडधान्य. कीटो पाळणारा नेमके उलटे करतो. तो धान्य टाकतो आणि तूप-पनीर ठेवतो. एकाच इमारतीत, एकाच महिन्यात, एका घरात तूप वर्ज्य आणि भात ग्राह्य, शेजारच्या घरात भात वर्ज्य आणि तूप ग्राह्य असू शकते. दोघेही स्वतःला संयमी म्हणतात आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे. मग पुण्य तुपात नाही आणि भातातही नाही. आयंबिलमध्ये रसाची ओढ सैल करणे हे साध्य आहे. अन्न निमित्त आहे. कीटोत शरीराची एक अवस्था साध्य आहे आणि तिथे अन्न हेच साधन आहे. भाताने साखर वाढत नाही असे उद्या तपासणीत दिसले तर पथ्य बदलले पाहिजे. आयंबिल करणाऱ्याला तपासणीशी देणेघेणे नाही.

हा भेद प्रत्यक्षात कसा करावा, याचा उत्तम नमुना १९१४ सालच्या एका समुद्रप्रवासात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत सापडतो. त्या वर्षी जुलैमध्ये गांधी, कस्तुरबा आणि त्यांचे सहकारी कॅलेनबाख दक्षिण आफ्रिकेहून तिसऱ्या वर्गाने इंग्लंडला निघाले. गांधी तेव्हा फळे आणि दाणे यांवर राहत. दूध त्यांनी १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर सोडले होते. या वेळी ते खोलीत लपून मिठाई खात बसले नाहीत. जहाजाच्या कारभाऱ्याला आधीच सूचना मिळालेली होती आणि तिसऱ्या वर्गात एरवी क्वचित मिळणारी फळे व दाणे त्यांना पुरवले गेले. प्रवासाचे अठरा दिवस सुखाने गेले. १८८८चा भिडस्त तरुण आणि १९१४चा प्रौढ यांच्यात निश्चयाचा फरक नव्हता, निश्चय दोघांचाही पक्का होता. फरक एवढाच की दुसऱ्याने निघण्याआधी बोलून ठेवले होते.

लंडनमध्ये पोचल्यावर त्यांचा आहार भुईमूग, पिकलेली आणि कच्ची केळी, लिंबू, ऑलिव्ह तेल, टोमॅटो, द्राक्षे असा होता. धान्य, कडधान्य आणि दूध पूर्ण बंद. छातीत पाणी साठून ते आजारी पडले. डॉ. जीवराज मेहतांनी दूध आणि धान्य घेण्याचा आग्रह धरला आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, जे स्वतः मधुमेहाने त्रस्त होते, त्याला दुजोरा दिला. गोखल्यांना नकार देणे गांधींना अवघड होते. त्यांनी चोवीस तासांची मुदत मागून घेतली आणि त्या रात्री आपल्या नियमांची छाननी केली. जिथे कारण मुख्यतः धार्मिक होते तिथे नियम ठेवायचा आणि जिथे कारणे मिसळलेली होती तिथे वैद्याचे ऐकायचे, असा त्यांनी निकाल दिला. दूध सोडण्यामागे धर्मभावना प्रबळ होती, म्हणून दूध सुटलेलेच राहिले. धान्याबाबत ते झुकले. गोखल्यांना हा निकाल पूर्णपणे रुचला नाही, पण त्यांनी तो मान्य केला.

आहाराबाबतच्या आपल्याकडच्या अलीकडच्या इतिहासात याहून प्रामाणिक विवेचन क्वचितच सापडेल. पथ्य आणि व्रत यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. कीटो हा जणू धर्म असल्यासारखे पाळणारा माणूस औषधे बदलल्यावरही हटत नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने अचानक कर्बोदके तोडली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि अलीकडच्या काही मधुमेही गोळ्यांबरोबर कडक कीटो केल्यास रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. तिथे निर्णय वैद्याचाच. उलट बाजूने, चौविहार पाळणारा माणूस सहलीत ‘आरोग्याला काय फरक पडतो?’ असे म्हणून रात्रीच्या जेवणाला बसतो, तेव्हा तो आपल्या व्रताला पथ्याचा निकष लावत असतो. सूर्यास्तानंतर न जेवणे हा नियम त्याने पचनासाठी घेतलेला नव्हता.

अपवाद कसा ठरवावा, याचा सर्वांत सूक्ष्म विचार जैन परंपरेने केला आहे. पच्चक्खाण घेताना, म्हणजे त्यागाची प्रतिज्ञा करताना, त्या प्रतिज्ञेच्या शब्दांतच अपवाद उच्चारले जातात. त्यांना आगार म्हणतात. अनाभोग: विसरून तोंडात गेले तर. सहसागार: नकळत, अचानक काही तोंडात पडले तर. महत्तरागार: गुरूने किंवा संघाने मोठ्या कारणासाठी सांगितले तर. सर्वसमाधिप्रत्यय: तीव्र आजाराने चित्ताची समाधी ढळू लागली आणि औषध घ्यावे लागले तर. यांपैकी काही घडले तर प्रतिज्ञा मोडत नाही. पण विसरून खाल्ले असेल तर आठवताक्षणी घास तोंडातून काढायचा असतो. आता खाल्लेच आहे तर संपवू, याला जागा नाही. व्रत देणाऱ्याला माणसाची दुर्बलता ठाऊक आहे, म्हणून त्याने ती आधीच मोजून बाजूला ठेवली आहे. या चार दारांत ‘सहल’ हे दार नाही, ‘वाढप्याने आग्रह केला’ हेही नाही. अपवाद आधी उच्चारलेला असला की तो नियमाचाच भाग होतो. ऐनवेळी सुचला की ती पळवाट होते. पथ्य पाळणाऱ्यालाही हे जसेच्या तसे घेता येते. चार दिवसांत एक दिवस, एक पदार्थ, अमुक प्रमाणात, असे घरून निघताना ठरवणारा माणूस नियमातच राहतो. तोच पदार्थ टेबलासमोर उभे राहून ठरवणारा मात्र नियमाबाहेर गेलेला असतो, पोटात गेलेली कर्बोदके दोघांची सारखीच असली तरी.

श्रावकांच्या, म्हणजे जैन गृहस्थांच्या, चौदा नियमांत रोज सकाळी स्वतःपुरत्या मर्यादा आखण्याची रीत आहे. त्यांतली एक द्रव्यांची: आज एकूण किती पदार्थ तोंडात घालायचे, तो आकडा सकाळीच ठरवायचा. पन्नास पदार्थांच्या बुफेसमोर याहून उपयोगी साधन सांगता येणार नाही. १९१५च्या हरिद्वार कुंभात गांधींनी दिवसाला पाचच पदार्थ आणि सूर्यास्तानंतर अन्न नाही, असा नियम घेतला, त्याची जातकुळी हीच. त्यामागचे कारण फार बोलके आहे. कलकत्त्यात भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी ते उतरले होते. पाहुणा फळे आणि दाणेच खातो हे कळल्यावर यजमानांनी शहरात मिळतील तितकी फळे आणि सुकामेवा गोळा केला आणि घरातल्या बायका रात्रभर त्यांची साले सोलत बसल्या. ज्या आहाराला साधेपणा मानले होते तो दुसऱ्याच्या घरी सगळ्यांत खर्चिक आणि कष्टाचा ठरला, हे गांधींना फार लागले.

संयमाच्या या बाजूकडे सहसा दुर्लक्ष होते. एकाच्या पथ्यासाठी दहा जणांचे जेवण खोळंबत असेल, प्रत्येक टेबलावर त्याचीच चर्चा होत असेल, आचाऱ्याला वेगळा तवा मांडावा लागत असेल आणि बरोबरच्या मुलांना आपल्या ताटातली पुरी गुन्हा वाटू लागत असेल, तर त्या पथ्याचा भार पाळणाऱ्याने उचललेला नाही, तो इतरांवर टाकला आहे. पाच पदार्थांचा नियम हा भार परत स्वतःवर घेण्याचा उपाय होता. जहाजावर तो याहून सोपा आहे: जे आहे त्यातले आपल्याला चालणारे उचलायचे, नवे काही मागायचे नाही, चढण्याआधी एकदा कळवून ठेवायचे आणि मग त्या विषयावर गप्प राहायचे.

आता भरपाईचा विचार. प्रवासात सूट घेऊन नंतर भरून काढण्याची कल्पना रोजाच्या नियमात मोजदादीसह येते. सुटलेला दिवस तेवढ्याच दिवसाने फिटतो. शरीर असा हिशेब ठेवत नाही. मधुमेह्याच्या रक्तात चार दिवस चढलेली साखर त्या चार दिवसांत जे करायचे ते करून जाते. पुढच्या आठवड्यातला उपवास ते पुसून टाकत नाही. मात्र निराश होण्याचेही कारण नसते. कर्बोदके पुन्हा सुरू होताच यकृत आणि स्नायू ग्लायकोजेन साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. घरी परतल्यावर काट्यावर दिसणाऱ्या दीड-दोन किलोंत बराचसा भाग या पाण्याचा असतो आणि नेहमीचे जेवण सुरू झाले की तो उतरतो. ते वजन पाहून नियमच सोडून देणारा माणूस पाण्याला चरबी समजून हार मानतो.

हे सगळे झाल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते, आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने तीच सर्वांत अवघड आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात असा विचार आहे की न खाणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी जिभेचे वेगळेपण दाखवले आहे. बाकीच्या इंद्रियांना त्यांच्या विषयांपासून तोडता येते. रसाला हट्टाने तसे तोडता येत नाही, कारण जगणेच त्यावर चालते. मुळाला पाणी घालत राहून वरची पाने खुडली तर झाड कसे मरेल, असा त्यांचा दृष्टांत आहे. अन्ननियम इतर संयमांपेक्षा कठीण का, याचे कारण इथे आहे. दारू सोडणाऱ्याला दारूच्या दुकानात जावे लागत नाही. साखर सोडणाऱ्याला मात्र दिवसातून तीनदा त्याच टेबलाशी यावे लागते जिथे साखर मांडलेली आहे.

गोडी उरते म्हणून पर्याय शोधले जातात, आणि पर्यायांपाशी व्रताची खरी कसोटी लागते. बदामाच्या पिठाची पोळी, फुलकोबीचा भात, साखरेऐवजी दुसरा गोडवा घातलेली घारी आता मिळू लागली आहे. पथ्याच्या बाजूने यांत दोष नाही. साखर वाढली नाही की पथ्य पूर्ण झाले. व्रताच्या बाजूने उत्तर इतके सरळ नाही. १९१८ साली गांधी पुन्हा गंभीर आजारी पडले. माथेरानला हवापालट करून उपयोग झाला नाही, आणि पुढे मुंबईत डॉ. दलाल यांनी बजावले की दूध घेतल्याशिवाय अंगात शक्ती येणार नाही. गांधींनी शपथेचा उल्लेख केला. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी सुचवले की शपथ घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीचे दूध का नको? गांधींनी ते घेतले आणि बरे झाले. शपथेचे अक्षर शाबूत राहिले. पण आशय मोडला, कारण शपथेच्या वेळी मनात दोनच जनावरे असली तरी ती शपथ सगळ्याच दुधाला लागू होती, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आणि त्याची खंत शेवटपर्यंत बाळगली. विलायतेत विद्यार्थी असताना अंडी मांसात मोडतात की नाही, यावर त्यांनी असाच निर्णय केला होता: शपथ देणाऱ्या आईच्या मनात मांसाचा जो अर्थ होता तोच खरा. मग त्यांनी अंडी सोडली.

या निकषावर लो-कार्ब सहलीचा प्रश्न बराचसा सुटतो. शपथ देणारा इथे स्वतः प्रवासीच आहे, म्हणून नियम घेताना त्याच्या मनात काय होते ते त्यानेच आठवायचे. साखर आटोक्यात ठेवणे एवढेच मनात होते, तर फुलकोबीच्या भाताने तो नियमात आहे आणि वैद्याने मुभा दिली तर अर्धी पोळीही नियमात आहे. जिभेचे आपल्यावरचे राज्य संपवावे असे मनात होते, तर साखर न वाढवणारी घारी चार वेळा खाणारा नियमात नाही, मापकाचा आकडा काहीही सांगो. आणि दोन्ही मिसळलेले असेल, जसे बहुतेकांचे असते, तर गांधींनी गोखल्यांना उत्तर देण्यासाठी घेतली तशी एका रात्रीची मुदत घेऊन कोणता घास कोणत्या कारणासाठी सोडला आहे हे वेगवेगळे मांडावे लागते. ते काम जहाज सुटण्यापूर्वी, घरी बसून करायचे आहे.